तीन वाजताची हाक

लॅबमध्ये तिला सगळे अंगाई म्हणतात, कारण तिचं कामच मुळी निजवण्याचं. मुलांना नव्हे. तिनं लग्न केलेलं नाही, आणि त्याबद्दल विचारणाऱ्याकडे ती असं काही बघते की पुढचा प्रश्न घशातच राहतो. ती कोअर निजवते. नखाएवढ्या एका चिपवर आठ कोअर असतात, म्हणजे एका घरात काम करणारी आठ माणसं म्हणा. ज्याला काम नाही त्याला झोपवायचं, काम आलं की नेमक्या वेळी उठवायचं आणि हे सगळं बॅटरीला कळूही द्यायचं नाही, ही तिची विद्या. एकोणीस वर्षं ती हेच करतेय. त्यातली सोळा वर्षं मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसून तिनं किती वीज वाचवली ते मोजतेय. मला मोजपट्टी म्हणतात. नाव मला आवडत नाही, पण मला विचारतो कोण.

नवीन माणूस आला की एक प्रश्न हटकून विचारतो: एकाच दांडग्या कोअरनं भागत असताना आठ कशाला? अंगाई त्याला जिन्यापाशी नेते. म्हणते, "एकट्यानं आठ बादल्या घेऊन धावत वर जा. मग आठ जणांना एकेक बादली देऊन सावकाश चालत पाठव. कोणाला जास्त धाप लागते ते येऊन सांग." एका उत्साही माणसानं खरोखरच बादल्या कुठे मिळतील म्हणून विचारलं होतं. पण आठ माणसं ठेवली की ती रिकामी बसली तरी खातात. चिपमध्ये काहीही न करणाऱ्या कोअरमधूनसुद्धा वीज झिरपत राहते. थेंबे थेंबे तळं साचतं म्हणतात, इथे ते थेंबे थेंबे आटतं. म्हणून निजवायचं. त्यात पुन्हा झोपलेल्याला उठवायलाही वीज लागतेच, म्हणून क्षणभराच्या डुलकीसाठी कोणाला निजवण्यात अर्थ नाही. कोण किती वेळ मोकळा राहणार हे आधीच ओळखणं, खरी मेख ती. अंगाईला ती जशी साधते तशी दुसऱ्या कोणाला साधत नाही, हे मी जळत जळत कबूल करते.

घरीदारी तिची तीच तऱ्हा. रिकाम्या खोलीतला दिवा तिला बघवत नाही. मी आत असताना तिनं दोनदा बाथरूमचा दिवा घालवलाय. मी ओरडल्यावर बाहेरून म्हणाली, "अगं, आवाज तरी करायचा."

हे वाक्य नंतर मला फार वेळा आठवलं.

तिची आई म्हणजे आमच्या काकू. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन, समोर प्लगांचा फळा आणि दिवसभर परक्या लोकांचे आवाज. त्या काळात त्यांनी सगळ्या वरिष्ठांच्या नकला बसवल्या होत्या. एकदा साहेबांच्या आवाजात त्यांनी अख्ख्या पाळीला अर्धा दिवस सुट्टी देऊन टाकली होती, ही गोष्ट त्या दर वेळी नव्यानं सांगत आणि मी दर वेळी नव्यानं हसत असे. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. डावा पाय अधू झाला, आवाज चिरका आणि फाटका झाला. पूर्वी फोनवर आई कोण आणि लेक कोण हे ओळखू येत नसे. आता ओळखू यायला लागलं.

घर दुसऱ्या मजल्यावर, तीन खोल्यांचं. अंगाई सकाळी साडेआठला निघते, संध्याकाळी साडेसहाला परत येते. मधले दहा तास काकू एकट्या. सकाळी एक बाई येऊन स्वयंपाक आणि झाडूपोछा करून जायची, ती अकरापर्यंतच. अंगाईचा मोठा भाऊ दुसऱ्या शहरात असतो. तो काही वाईट माणूस नाही. त्यानं आपल्या घराजवळचा एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता, बाग, नर्स, सगळं असलेला. काकूंनी त्याला एकाच वाक्यात सांगितलं होतं, "मला इथून नेलंस तर मी तिथे महिनाभर जगेन, फार तर." बहीणभावांचं भांडण झालं. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे. पण एकदा जरी ती पडली आणि तुला कळलं नाही, तर मी गाडी घेऊन येईन. मग काही बोलायचं नाही." अंगाई कबूल झाली, कारण तिच्या डोक्यात डबी होती.

डबी साबणाच्या डबीएवढीच. आत आमची नवी चिप. खऱ्या घरात तिची चाचणी घ्यायचीच होती, तेव्हा आमच्या साहेबांनी आनंदानं परवानगी दिली. अट एकच: एका बॅटरीवर वर्षभर चालली पाहिजे. मग अंगाईनं आपली सगळी विद्या पणाला लावली. आठांपैकी सर्वांत लहान कोअर तेवढा जागा. त्याला आम्ही राखणदार म्हणायचो. तो नुसता कान देऊन बसायचा. माणसाच्या बोलण्यासारखं काही ऐकू आलं की तो दुसऱ्याला उठवणार. दुसरा त्या आवाजाचा साठवलेल्या आवाजाशी मेळ घालणार. जुळला तर बाकीचे उठणार, दोन क्षण हिरवा दिवा लागणार आणि अंगाईच्या फोनवर 'ठीक आहे' असा निरोप जाणार. नाही जुळला तर सगळे परत झोपणार. दोन माणसांचे आवाज लक्षात ठेवायचे तर दुप्पट मेमरी जागी ठेवावी लागते, म्हणून आवाज एकाचाच, काकूंचा. बोलणं साठवायचं नाही, त्यालाही वीज लागते. जे जुळलं नाही त्याची नोंदही करायची नाही. "नाकारलेल्याचा हिशोब कशाला ठेवायचा?" हे तिचंच वाक्य.

रोज तीन वाजता काकूंनी डबीसमोर एकदा बोलायचं, म्हणजे हजेरी. मदत हवी असेल तर लागोपाठ तीनदा बोलायचं, म्हणजे अंगाईचा आणि शेजाऱ्यांचा फोन वाजत सुटेल. एका रविवारी अंगाईनं काकूंना समोर बसवून "मी आहे गं" हे वाक्य वीस वेळा म्हणायला लावलं. काकू म्हणाल्या, "एवढ्या वेळा तर मी तुझ्या बाबांनाही सांगितलं नव्हतं." तो आवाज डबीत भरला, डबी मधल्या खोलीच्या फळीवर गेली आणि पहिला एक दिवस सोडला तर रोज तीनच्या ठोक्याला निरोप यायला लागले.

चिपला किती वीज लागते ते टिपणारा माझा एक बारीक मीटर मी डबीला जोडून दिला होता. दर पंधरा दिवसांनी अंगाई त्याचं कार्ड आणून द्यायची आणि मी आलेख काढायची. छान आलेख होते. सपाट रेष, तीन वाजता एक उंच डोंगर, साडेसहाला आणखी एक.

"साडेसहाला कोण बोलतं?" मी विचारलं होतं.

"मी आल्यावर आई बोलते ना माझ्याशी," ती म्हणाली. मला पटलं. कोणालाही पटलं असतं.

त्यातला एक दिवस मात्र सगळ्यात सुरेख होता. चाचणीचा एकसष्टावा दिवस. त्या दिवशी तीन वाजल्यापासून बारीक बारीक दात, कंगव्यासारखे, पाच वाजून जाईपर्यंत. म्हणजे राखणदारानं काहीतरी ऐकलं, दुसऱ्याला उठवलं, दुसऱ्यानं 'हा तो आवाज नव्हे' म्हणून परत झोप घेतली. असं दोनशे चौदा वेळा. आणि एकदाही मोठे कोअर उठले नाहीत. अंगाई म्हणाली, शेजारी फरशी बसवतायत, मजूर ओरडत असतील. शेवटी पाच वाजून दहा मिनिटांनी हजेरीचा डोंगर होता. साहेब तर त्या आलेखावर लट्टूच झाले. एवढ्या गोंगाटात बॅटरीचा केससुद्धा वाकडा झाला नाही! त्यांनी तो मोठा छापून घेतला, काचेची चौकट केली आणि आमच्या भिंतीवर लावला. खाली ओळ: 'दोनशे चौदा वेळा जाग, एकदाही झोपमोड नाही.' कोपऱ्यात तारीख मी माझ्या हातानं लिहिली. अक्षर माझं चांगलं आहे.

चार महिने झाले तेव्हा तपासणीसाठी अंगाई एका सकाळी डबी घेऊन आली. संध्याकाळी परत न्यायची होती. डबी माझ्या टेबलावर, मी स्क्रू काढतेय. मोजणी चालू असेल तेव्हा आमच्याकडे फोन लॉकरमध्ये ठेवावे लागतात, फोनमुळे मीटरचे आकडे हलतात. मोजणी सुरू व्हायची होती म्हणून तिनं तेवढ्यात घरी फोन लावला. तिचा फोन नेहमी एकाच वाक्यानं सुरू होतो. घरात शिरतानाही ती दारात चपला काढता काढता तेच म्हणते.

"ए आई, आहेस ना गं?"

माझ्या हाताखाली डबीचा हिरवा दिवा लागला. दोन क्षण लागला आणि विझला.

तिनं पाहिलं, मी पाहिलं. ती फोनवर काहीतरी बोलून थांबली. मग डबीकडे वाकून मुद्दाम पुन्हा म्हणाली. पुन्हा दिवा. जुळणीचा आकडा आला शंभरात त्र्याण्णव. मी माझ्या आवाजात तेच वाक्य म्हटलं. शंभरात एकोणीस. आम्ही आत साठवलेला आवाज उघडून ऐकला. तिचाच. लॅबमध्ये पहिल्या चाचण्या करताना पटकन तोंडात आलं म्हणून तिनं भरलेलं तेच वाक्य. काकूंचे वीस आवाज शेजारच्या फोल्डरमध्ये निवांत पडले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. डबी भरताना तिनं सवयीनं लॅबचीच प्रत चढवली होती. ही चूक आमच्या धंद्यात सगळे करतात. मी तीनदा केलीय. मी हसायला लागले.

मग माझं हसू थांबलं. कारण मी नोंदींची यादी उघडली होती. रोज तीन वाजता, एकदा तेवढी पाच दहाला, एकशे एकोणीस दिवस: एक्याण्णव, ब्याण्णव, एक्याण्णव, त्र्याण्णव. नव्वदच्या खाली एकदाही नाही.

"साडेसहाला तू असतेस," मी म्हणाले. "ते समजलं. पण तीन वाजता तर तू इथे असतेस. माझ्यासमोर. चहा घेत."

तिनं यादी वरपासून खालपर्यंत पुन्हा सरकवली.

"मग रोज तीन वाजता तुझ्या घरात तुझ्या आवाजात कोण बोलतं?"

खिडकीतून चांगलं लख्ख ऊन येत होतं, टेबलावर चहाचे दोन कप होते आणि माझ्या अंगावर काटा आला. आम्ही हिशोबी माणसं. टीव्ही असेल? टीव्हीवर तिचा आवाज कुठून येणार. फोनवरचं जुनं बोलणं कोणी वाजवत असेल? तर आकडा रोज तंतोतंत तोच आला असता, हा तर जिवंत माणसासारखा एक-दोननं हलत होता. घरात कोणी येत असेल? कोणी तिचा आवाज काढून काकूंना दार उघडायला लावत असेल? हे शेवटचं अंगाई बोलली, आणि बोलताना तिचा स्वतःचा आवाज मला नको झाला. चार महिने ती त्या निरोपाच्या भरवशावर दहा-दहा तास आईला एकटं सोडून येत होती.

"आत भरलेला आवाज बदलू नकोस," मी म्हणाले. "डबी आहे तशी परत ठेव. उद्या जाऊन ऐकू."

दुसऱ्या दिवशी पावणेतीनला आम्ही जिना चढलो. चपला खालीच हातात घेतल्या होत्या. दोन बायका, दोघींची पन्नाशी जवळ आलेली, चोरांसारख्या अनवाणी. एरवी मी यावर चार दिवस विनोद केले असते. जिन्यात कोणी नव्हतं. दुपारची ती वेळ असते ना, सगळी इमारत श्वास धरून बसल्यासारखी, ती. दाराला बाहेरून कडी नव्हती, आत चपलांचा आवाज नव्हता, बोलणं नव्हतं. अंगाईनं किल्ली काढली, पण कुलपाला लावली नाही. कान दाराला टेकवला. मीही टेकवला. आमची तोंडं एकमेकींसमोर, वीतभर अंतरावर.

आत भिंतीवरच्या घड्याळाचे तीन ठोके पडले.

"ए आई, आहेस ना गं?"

अंगाईचा आवाज. दिवसभर काम करून आल्यावर 'गं'वर जरासा खाली बसतो, तसाच बसलेला. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. ओठ मिटलेले होते. इतके घट्ट की पांढरे पडले होते.

मग एक फाटका, चिरका, म्हातारा आवाज म्हणाला, "आहे गं. आहे."

अंगाईच्या हातातला फोन थरथरला. स्क्रीनवर लिहिलं होतं: ठीक आहे.

तिनं किल्ली लावून दार ढकललं. आत काकू एकट्या होत्या. फळीसमोर खुर्ची ओढून ताठ बसलेल्या, दोन्ही हात मांडीवर, एक्स्चेंजमध्ये बसत असाव्यात तशा. आम्हाला पाहून त्यांनी आधी पदर सारखा केला.

"आज लवकर?" त्या म्हणाल्या. आणि मग आमच्या हातातल्या चपला पाहून, "अच्छा."

"आई, हे काय करतेस तू?"

"हजेरी देते," काकू म्हणाल्या. "पहिल्या दिवशी मी माझ्या आवाजात सांगितलं, मी आहे गं. दहा वेळा सांगितलं. ढिम्म. संध्याकाळी तू दारातून हाक मारलीस आणि ह्याचा डोळा लगेच उघडला. मी म्हटलं, ह्याला घरातलं एकच माणूस ओळखता येतं आणि ते मी नाही."

"मग मला सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर तू दादाला सांगितलं असतंस. तुला खोटं बोलता येत नाही. आणि तो गाडी घेऊन आला असता." त्यांनी डबीकडे पाहिलं. "एवढं सोपं होतं. तुझा आवाज काढायचा. माझाच तर आहे तो, जुना."

"आणि पुढचं? आहे गं, ते?"

काकू जरा ओशाळल्या. "कोणी विचारलं तर उत्तर द्यायला नको?"

मी खाली बसले, जमिनीवरच. भीती उतरली होती, पण जे उरलं ते काही बरं नव्हतं. मला वाटलं, इथेच संपलं तर किती छान. पण अंगाई संपवणाऱ्यातली नाही. एखादी गोष्ट झोपली आहे असं म्हटलं की ती खरंच झोपलीय की सोंग घेतेय, हे तपासल्याशिवाय ती जागची हलत नाही.

"आई, तू पडलीस का कधी? ह्या चार महिन्यांत?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मदतीसाठी पाहिलं असावं. मी काय करणार.

"एकदाच," त्या म्हणाल्या. "हजेरीलाच उठत होते. पाय अडकला. लागलं नाही फार. उठता येईना, एवढंच."

"हाक नाही मारलीस?"

"मारल्या ना. पण तुझा आवाज काढायला छातीत दम लागतो गं, ताठ बसावं लागतं. पडल्या पडल्या निघेना. माझ्याच आवाजात मारत राहिले. शेजारी ते फरशीवाले ठोकत होते, त्यांना काय ऐकू जाणार. मग सरकत सरकत भिंतीला टेकले आणि कसाबसा एकदा काढला. तीनदा काही जमला नाही. एकदाच."

एकदा म्हणजे हजेरी. एकदा म्हणजे 'ठीक आहे'.

"कधी? कोणत्या दिवशी?"

"तू फोनवर रागावलीस ना, हजेरीला दोन तास उशीर केला म्हणून. त्याच दिवशी. डुलकी लागली होती म्हणून सांगितलं मी तुला."

अंगाई म्हणाली, "हो. तेव्हा माझा फोन लॉकरमध्ये होता. बाहेर येऊन पाहिलं तर पाच दहाची हजेरी." ती इतक्या साध्या आवाजात म्हणाली की मला तिच्याकडे बघवेना. मला ती तारीख ठाऊक होती. माझ्या सुरेख अक्षरात लिहिलेली होती. मी गप्प बसले, जे मला सोळा वर्षांत जमलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅबमध्ये पोचले तर ती चौकटीसमोर उभी होती. हातात पेन्सिल. काचेवरून टोक सरकवत एकेक दात मोजत होती. खाली आकडा छापलेला होता, तरी मोजत होती. मी पिशवी ठेवून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. सुरुवातीला दात दाट होते, एकाला एक लागून. मग विरळ. सव्वाचारच्या सुमाराला अकरा मिनिटं नुसती सपाट रेष, आमच्या भाषेत गाढ झोप. त्या जागेची साहेबांनी सभेत विशेष तारीफ केली होती.

"इथे थकली असेल," अंगाई म्हणाली.

मग पुन्हा दात सुरू. शेवटी डोंगर.

"दोनशे चौदा," ती म्हणाली. "बरोबर आहेत."

मला रडू आलं. तिला नाही आलं. तिनं चौकट खिळ्यावरून काढली आणि भिंतीकडे तोंड करून खाली ठेवली. साहेबांनी विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं. नेहमी दोन वाक्यांत आटपणारी बाई अर्धा तास बोलली. त्यानंतर तिनं डबीत काकूंचा आवाज भरला, स्वतःचाही ठेवला आणि नवा नियम घातला: लागोपाठ तीन आवाज नाकारले गेले तर आठही कोअर उठवून फोन वाजवायचे, मग तो आवाज कोणाचाही असो. बॅटरी वर्षाऐवजी पाच महिने पुरायला लागली. साहेब नाराज झाले. ती म्हणाली, "पाच महिन्यांनी मी बदलीन. हातानं."

भावाला मात्र तिनं कळवलं नाही. काकूंनी तिचा हात धरून ठेवला होता, सोडला नाही, शेवटी ती 'नाही सांगत' म्हणाली. मी तिला दोनदा टोकलं, की शब्द दिला होतास. ती म्हणाली, आता डबी ओळखते तिला. पुन्हा तसं होणार नाही. आणि रोज तीनला पाच कमी असताना ती मोजणी अर्धी टाकून, लॉकर उघडून, व्हरांड्यात जाऊन घरी फोन करायला लागली. स्वतःच्या तोंडानं. मी आकडे पुन्हा घ्यायचे आणि कुरकुरायचे नाही, असं आमचं न बोलता ठरलं.

महिना असा गेला. मग एका मंगळवारी मी हातात चहा घेऊन तिच्या शेजारीच उभी होते. फोन लागला.

"ए आई, आहेस ना गं?"

पलीकडून काकूंचा आवाज आला, थोडा वैतागलेला. "अगं, आत्ताच तर विचारलंस."

"कधी?"

"आत्ता. दारातून. मी आहे म्हटलं की. कुठे गेलीस तू? केव्हाची वाट बघतेय, आत येशील म्हणून."

अंगाईनं माझ्याकडे पाहिलं. मी आत जाऊन यादी उघडली. आता ती थेट लॅबमध्ये दिसायची. दोन वाजून सत्तावन्न मिनिटं. आवाज: मुलगी. शंभरात ब्याण्णव. त्या खाली एक मिनिटानं, आवाज: आई. आता डबीला दोघी नीट ओळखू येत होत्या. सवयीनं स्वतःच हाक मारणाऱ्या काकूंनाच ओळखू येईनाशा झाल्या होत्या.

मी परत येऊन आकडा सांगितला. खोटं सांगता आलं असतं, पण मी मोजपट्टी. ती फोनवर म्हणत होती, "येतेच मी, आई. तू खुर्चीतून उठू नकोस. दाराशी जाऊ नकोस. मी येतेय." मग फोन ठेवून ती कठड्याला टेकून उभी राहिली. खाली रस्त्यावरून माणसं जात येत होती. व्हरांड्यात भर दुपारी दिवा जळत होता आणि तिनं तो घालवला नाही.

मी म्हणाले, "चल, मी येते बरोबर."

ती म्हणाली, "थांब. आधी एक."

तिनं दुसरा नंबर लावला. बराच वेळ रिंग जात राहिली. उचलल्याचा आवाज आला. मग ती बोलली, त्याच सुरात, शेवटाला जरासं खाली बसत.

"दादा, आहेस ना रे?"